ट्रॅक्टर निघाला, पण दोर कुठे बांधला होता?

चि. ताईस,
नानांचे अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू फोनवर म्हणालीस, "नाना, निघाला ट्रॅक्टर चिखलातून, काळजी करू नका." मी बरं म्हणून फोन ठेवला. मग तू पाठवलेले फोटो धाकट्याच्या मोबाइलवर बोटांनी मोठे करून बघत बसलो आणि रात्रभर डोळा लागला नाही. फोनवर तू "हो नाना, हो नाना" करतेस आणि पुढच्या कामाला लागतेस, म्हणून हे कागदावर लिहितोय. धाकटा याचे फोटो काढून पाठवील. सगळं वाचून होईपर्यंत ब्लोअरला, त्या फवारणीच्या यंत्राला, हात लावू नकोस.

घाई का केलीस ते मला कळतं. गोडी छाटणीला ३५ दिवस झाले, बाग फुलोऱ्यात, त्यात दोन दिवस परतीचा पाऊस. पानं ओली राहिली की डावणीची बुरशी घडात शिरायला वेळ लागत नाही. तिथे असतो तर मलाही घरात बसवलं नसतं. पण शिवाराला वाफसा नव्हता, ताई. आपल्या निफाडच्या काळ्या मातीत पाऊस झाल्यावर पायातली चप्पल निघून येते, तिथे ४०० लिटरची भरलेली टाकी मागे अडकवून ट्रॅक्टर घातलास. टायरच्या नक्षीत चिखल बसला की टायर गुळगुळीत दगडासारखा होतो. मग फोर व्हील लाव नाहीतर मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा डिफ लॉक दाब, चाक जागेवर फिरतं आणि स्वतःच खड्डा खणतं. तुझ्या पहिल्या फोटोत ट्रॅक्टरचं पोट चिखलाला टेकलेलं दिसतंय. पोट टेकल्यावर रेस देऊन काही होत नाही.

त्याच फोटोत मागच्या उजव्या टायरला ओंडका दिसला. काथ्याने टायरलाच बांधलेला. हे कुणी सुचवलं ते विचारत नाही, आपल्याकडे सगळेच करतात. पण त्यात काय होतं ते नीट वाच. चाक ओंडक्यावर चढलं तर ठीक. नाही चढलं आणि तू क्लच सोडलास, तर इंजिनाचा जोर कुठेतरी जाणारच. चाक फिरत नाही म्हटल्यावर मागच्या अ‍ॅक्सलभोवती ट्रॅक्टरच फिरतो. पुढची चाकं उचलतात, तोंड आभाळाकडे जातं आणि ट्रॅक्टर मागे पडतो, चालवणाऱ्याच्या अंगावर. याला दीड सेकंदसुद्धा लागत नाही. पहिल्या पाऊण सेकंदात क्लच दाबला तर वाचलो, त्यानंतर दाबून उपयोग नाही. तोंड उचललंय हे लक्षात येईपर्यंतच तेवढा वेळ गेलेला असतो. आपल्या छोट्या ट्रॅक्टरला मागे लोखंडी कमान नाही, हेही विसरू नकोस.

दुसरा फोटो मी सगळ्यात जास्त वेळ बघितला. शेजारच्या अण्णांनी मोठा ट्रॅक्टर आणला, त्यांचे उपकार आहेत, ते आले नसते तर तू रात्री बॅटरी घेऊन चिखलात असतीस. पण त्यांच्या ट्रॅक्टरला दोर वर, टॉप लिंकच्या, म्हणजे मागचं अवजार धरणाऱ्या वरच्या दांड्याच्या, ब्रॅकेटला बांधलाय. ताई, दोर अ‍ॅक्सलच्या वर बांधला की ओढणारा ट्रॅक्टर स्वतःला मागे उलटवायला लागतो. खाली ड्रॉबारला, म्हणजे मागच्या ओढायच्या पट्टीला, बांधला तर ओढ अ‍ॅक्सलच्या खालून जाते आणि पुढची चाकं उचलायला लागली तरी ड्रॉबार खाली जातो, ओढ आपोआप सैल होते. हा एक हाताचा फरक आहे. आपल्या चुलत आजोबांचा मोठा मुलगा, ज्याचं नाव घरात आजही कुणी मोठ्याने घेत नाही, तो असाच गेला. उसाची गाडी फसली होती, दोर सीटच्या मागे वर बांधला होता. मी तेव्हा १९ वर्षांचा होतो आणि गाडीच्या चाकामागे दगड लावायला वाकलो होतो. उठून बघितलं तेव्हा ट्रॅक्टरची चारही चाकं वर होती आणि पुढची दोन अजून फिरत होती. आवाज असा काही झालाच नव्हता.

दोरही नायलॉनचा होता. नायलॉन ताणला जातो, म्हणून लोकांना बरा वाटतो. पण तो ताण दोरातच साठतो. दोर तुटला किंवा हूक निसटला की ते लोखंड गोळीसारखं येतं. फोटोत दोराच्या बाजूला आपल्या गड्याचा मुलगा उभा आहे, हातात पाण्याची बाटली घेऊन. तो फोटोत आहे म्हणून मला दिसला. पुढच्या वेळी चांगली साखळी वापर, तिच्या मध्यावर ओलं बारदान टाक, आणि ताण देण्याआधी साखळीच्या लांबीच्या दीडपट अंतरात एकही माणूस ठेवू नकोस. पोरं तर बांधावरसुद्धा नकोत.

आता पुढच्या वेळी फसला तर कसा काढायचा ते. आधी ब्लोअर फिरवणारा पीटीओचा दांडा बंद, इंजिन बंद. ब्लोअर जमिनीला टेकव आणि टाकीतलं औषध पंपाने ड्रममध्ये काढून घे. चारीत सोडू नकोस, ती चारी आपल्याच विहिरीकडे जाते. ४०० लिटर म्हणजे ४०० किलो मागून उतरले. मग ब्लोअरखाली विटा लावून तो सोडव. मागच्या चाकांच्या मागे फावड्याने उतार काढ, पोटाखालचा चिखल ओढून काढ, चाकांखाली बारदान आणि छाटणीच्या काड्या टाक. नुसत्या टाक, बांधू नकोस. नक्षीतली माती कोयत्याच्या मुठीने खरवड. मग डिफ लॉक लावून लो गिअरमध्ये रिव्हर्स, रेस न वाढवता. रिव्हर्समध्ये इंजिनाचा जोर तोंड खाली दाबतो, म्हणून मागे येणं पुढे जाण्यापेक्षा बरं. एकदा प्रयत्न कर. चाक घसरलं की लगेच थांब, उतर, पुन्हा खण. ओढायची वेळ आलीच तर मोठा ट्रॅक्टर सरळ मागे उभा कर, दोन्हीकडे ड्रॉबारलाच साखळी, आधी सावकाश ताण, मग ओढ. हिसका द्यायचा नाही. आणि नाहीच निघाला तर राहू दे एक रात्र चिखलात. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की अर्धं काम तेच करतं. तोवर राहिलेल्या ओळी पंप आणि गनने फवार. गडी कुरकुर करतील, चहा दे.

लिंकचं नुकसान आता बघू. डावी लोअर लिंक, म्हणजे अवजार उचलणारा खालचा दांडा, वाकली, कारण आपल्या बाजूला दोर तिलाच बांधला होता, ब्लोअर न सोडवता आणि तिरका. ती लिंक उचलायला आणि सरळ ओढायला बनवलेली असते, आडव्या हिसक्याला नाही. वेल्डिंगवाला म्हणेल, गॅसने लाल करतो आणि ठोकून सरळ करतो, १० मिनिटांचं काम. करू देऊ नकोस. ते साधं लोखंड नाही. लाल झालं की त्याचा कस जातो, आणि पुढे टाकी भरून वळताना तीच लिंक तुटेल. नवीन घे. जुनी उजवी लिंक काढून ओट्यावर नवीच्या शेजारी ठेव, दोन्ही भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर एक आहे का बघ. बॉलची गोटी ढिली असेल तर उजवीही बदल.

पिनेच्या जागी कुणीतरी सळईचा तुकडा घातलाय, तो आजच काढ. आपली लिंक कॅटेगरी एकच्या मापाची आहे: वरची पिन १९ मिमी, खालच्या २२ मिमी. भोक मोठं आणि पिन बारीक असली की प्रत्येक खड्ड्याला हातोडा बसतो आणि भोक अंड्यासारखं होतं. जाडी मोजायचा व्हर्नियर माझ्या कपाटात आहे, मोजून घे.

चेक चेनच्या, म्हणजे लिंक बाजूला हलू न देणाऱ्या साखळीच्या, ब्रॅकेटचा एक बोल्ट आतच तुटलाय असं फोटोवरून वाटतं. ते हाउसिंग बिडाचं आहे, त्यावर थेट वेल्डिंग करू देऊ नकोस, बीड तडकतं. तुकड्याला डिझेल लावून रात्रभर ठेव. टोक बाहेर असेल तर त्यावर नट वेल्ड करून पान्याने काढता येतं, पण आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढ आणि अर्थ क्लॅम्प अगदी जवळ लाव, नाहीतर करंट बेअरिंगमधून फिरतो. टोक आत असेल तर लेथवाल्याला बोलव, स्वतः ड्रिल मारू नकोस. नव्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा कोरलेला असला पाहिजे. ट्रॅक्टरच्या पुस्तकात १०.९ लिहिलं असेल तर तोच.

एक गोष्ट तुझ्या हाताने कर, दुसऱ्यावर सोडू नकोस. ब्रॅकेट आणि त्याभोवतीचं हाउसिंग तारेच्या ब्रशने घासून त्याला रॉकेल लाव. १५ मिनिटांनी कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून वर खडू घास. शाळेतला साधा खडू. थोड्या वेळात पांढऱ्यावर केसासारखी ओली रेघ उमटली, तर ती चीर आहे. चिरेत शिरलेलं रॉकेल खडू ओढून घेतो. मी हे एका म्हाताऱ्या फिटरकडून शिकलो, आणि १८ वर्षांपूर्वी त्याच्यामुळे आपला जुना ट्रॅक्टर वेळेत गॅरेजला गेला. रेघ दिसली तर ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहू दे, मी येईपर्यंत.

हायड्रोलिकच्या पाइपला तेल येतंय का ते हाताने चाचपू नकोस. बारीक छिद्रातून सुटलेलं तेल कातडीतून आत जातं. पुठ्ठा फिरवून बघ. आणि उचललेल्या ब्लोअरखाली कधीही जाऊ नकोस, आधी खाली टेकव.

तुझी आई म्हणते, एवढं लिहिलंत, एक शब्द कौतुकाचा लिहा. लिहितो. अंधार पडायच्या आत ३ ओळी सोडून सगळा प्लॉट तू फवारून काढलास, हे अण्णांनी फोन करून सांगितलं. मला धाकट्यासमोर रडू आलं.

२२ मिमीच्या दोन नव्या पिना कांदाचाळीत वरच्या फळीवर, पत्र्याच्या डब्यात आहेत, त्या अडकवायच्या लिंच पिनसकट. बुधवारी डोळ्याची पट्टी निघेल. गुरुवारच्या सकाळच्या एसटीने मी निघतो. लिंक जोडून ठेव, पण पहिल्यांदा टाकी भरू तेव्हा मी तिथे असेन.

तुझे,
नाना