टाकून दिलेल्या बाळाचे नागरिकत्व कोणत्या कलमात?

महोदय,

बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या मातांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेल्या मुलांना, वडील तेथील नागरिक वा कायम रहिवासी नसल्यास, जन्माने नागरिकत्व मानू नये, असा आदेश अमेरिकेच्या अध्यक्षांनी २० जानेवारी २०२५ रोजी काढला. तेव्हापासून आपल्याकडेही या विषयावर बरेच बोलले-लिहिले जात आहे. ज्यांचे मुलगे, मुली, सुना, जावई एच-वन-बी या नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर तिकडे आहेत, त्या घरांना तर हा जिव्हाळ्याचाच प्रश्न. तेथे जन्मलेल्यांना नागरिक मानणारी १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती आणि सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेल्या वाँग किम आर्क यांच्या बाजूने १८९८ मध्ये लागलेला निकाल, या दोन्ही गोष्टी मराठी वाचकांना एव्हाना पाठ झाल्या असतील. मात्र या चर्चेत आपल्या स्वतःच्या कायद्याचा उल्लेख क्वचितच येतो, आणि आला तरी ‘भारतात जन्मला तो भारतीय’ असे गृहीत धरूनच येतो. आईबाप अज्ञात असलेल्या, टाकून दिलेल्या बाळाविषयी तर तो कायदा काहीच बोलत नाही, आणि तेच मला येथे मांडायचे आहे.

आपल्या नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ३ नुसार हे गृहीत फक्त २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात जन्मलेल्यांपुरते खरे आहे. १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्यांच्या बाबतीत आई किंवा वडील यांपैकी एक जण भारतीय असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ रोजी पुढची दुरुस्ती अमलात आली आणि तेव्हापासून दोघेही भारतीय असावेत, किंवा एक भारतीय असल्यास दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा, अशी अट आहे. बिहारमध्ये २०२५ साली मतदार याद्यांच्या फेरतपासणीत निवडणूक आयोगाने हेच तीन टप्पे पाडून कागदपत्रे मागितली होती : पहिल्या टप्प्यात जन्मलेल्याने स्वतःचा कागद द्यायचा, दुसऱ्यातल्याने स्वतःबरोबर आई किंवा वडिलांचा, तिसऱ्यातल्याने दोघांचाही. जन्मस्थानाकडून वंशाकडे झालेला आपला प्रवास या तीन टप्प्यांत स्पष्ट दिसतो.

जन्मस्थान की वंश, हा वाद संविधान सभेतही झाला होता आणि त्यात आमच्या अमरावतीच्या डॉ. पंजाबराव तथा भाऊसाहेब देशमुखांचा वाटा मोठा होता. ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाच्या अनुच्छेदांवर बोलताना त्यांनी, केवळ जन्मावरून ते दिल्यास भारतीय नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल, असा आक्षेप घेतला. विमानाने चाललेले एखादे परदेशी जोडपे मुंबईत दोन-चार तास थांबले आणि बाई तेथेच बाळंत झाली, तर ते मूलही भारताचे नागरिक ठरेल काय, असा त्यांचा सवाल होता. वास्तविक डॉ. आंबेडकरांच्या मसुद्यात जन्माबरोबर भारतातील अधिवासाचीही (कायम वास्तव्याचीही) अट होती, त्यामुळे हे उदाहरण त्या अनुच्छेदाला नीटसे लागू पडत नव्हते; पण भाऊसाहेबांची शंका अगदीच अनाठायी होती असे म्हणवत नाही. त्याआधी, एप्रिल १९४७ मध्ये सरदार पटेलांनी नागरिकत्वाच्या व्यापक आणि संकुचित अशा दोन कल्पना सभेपुढे मांडून व्यापक, म्हणजे जन्मस्थानावरच्या, कल्पनेची बाजू घेतली होती, आणि १९५५ च्या कायद्यात तीच टिकली. पुढे आसामातील आंदोलन आणि शेजारी देशांतून झालेले स्थलांतर यांच्या रेट्याने संसदेने ती टप्प्याटप्प्याने सोडली. ते बरोबर की चूक, यावर मतभेद असू शकतात आणि त्यात मी शिरत नाही. माझे म्हणणे त्याहून मर्यादित आहे.

भाऊसाहेबांच्या उदाहरणातील मुलाला निदान आई होती आणि ती कोण, हे ठाऊक होते. रुग्णालयाच्या आवारात, रेल्वेच्या फलाटावर किंवा देवळाच्या पायरीवर सापडलेल्या अर्भकाचे काय? आईवडील दोघेही अज्ञात असतील, तर ते दोघे भारतीय होते किंवा एक भारतीय असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नव्हता, हे कोणी आणि कशाच्या आधारे दाखवायचे? कलम ३ मध्ये अशा मुलाविषयी चकार शब्द नाही. आमच्याच जिल्ह्यात अचलपूरजवळ वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या, बहुतांशी दिव्यांग अशा शंभराहून अधिक मुलांना वाढवले आणि वडिलांच्या नावाच्या जागी स्वतःचे नाव दिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले, ते योग्यच झाले. पण बाबांनी दिलेले नाव शाळेच्या दाखल्यावर चालले, तरी कलम ३ ज्या आईबापांविषयी विचारते त्यांची जागा ते भरून काढत नाही.

यावर, प्रत्यक्षात अशा मुलांची कोणी अडवणूक करत नाही, असे सांगितले जाईल, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. बाल कल्याण समितीने मूल दत्तकासाठी मोकळे असल्याचे जाहीर केल्यावर ते परदेशी कुटुंबात गेले, तर भारतीय पासपोर्टवरच जाते. म्हणजे प्रशासन त्याला भारतीय धरून चालते. मात्र ही केवळ वहिवाट आहे. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेली मुले आता मतदार होऊ लागली आहेत, सरकारी नोकऱ्यांसाठी अर्ज करू लागली आहेत. आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असल्याने कोणी भारताचा नागरिक ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्यातील एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्यातच आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार, परदेशी व्यक्तींविषयीच्या १९४६ च्या कायद्यात होता तसाच २०२५ च्या नव्या कायद्यातही, संबंधित व्यक्तीच्याच डोक्यावर ठेवलेला आहे. ज्याला स्वतःची जन्मदात्रीच माहीत नाही, त्याने हा भार उचलायचा कसा?

आश्चर्य याचे वाटते की आपले इतर कायदे या बाबतीत बरेच पुढे गेले आहेत. अविवाहित मातेने प्रतिज्ञापत्र दिल्यास वडिलांच्या नावाविना जन्मदाखला द्यावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्येच दिला. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीत अनाथ, टाकून दिलेल्या, संस्थेच्या स्वाधीन केलेल्या आणि अविवाहित मातेच्या मुलांच्या नोंदणीचा वेगळा विचार केलेला आहे. म्हणजे एका कायद्याने वडिलांचे नाव न विचारता दाखला द्यायचा, आणि दुसऱ्याने त्या दाखल्यावर नसलेले वडील बेकायदा स्थलांतरित नव्हते ना, असे विचारायचे! ज्या महाराष्ट्रात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि तेथे जन्मलेल्या यशवंताला दत्तक घेतले, तेथून तरी ही विसंगती बोलून दाखवली जावी.

जन्मस्थानाचे तत्त्व सोडणाऱ्या देशांनीही हे मूल वाऱ्यावर सोडलेले नाही. ब्रिटनने १ जानेवारी १९८३ पासून केवळ जन्मावरून नागरिकत्व देणे बंद केले. परंतु त्याच कायद्यात, तेथे टाकून दिलेले नवजात बालक सापडल्यास, विरुद्ध पुरावा पुढे येईपर्यंत ते ब्रिटिश नागरिकाचे किंवा तेथे स्थायिक झालेल्या व्यक्तीचे मूल मानावे, असे पोटकलम घातले. वंशाला सर्वाधिक महत्त्व देणाऱ्या इटलीतही आईबाप अज्ञात असलेल्या मुलाला जन्माने नागरिकत्व मिळते. अशी सवलत दिली तर लोक मुद्दाम मुले आणून टाकतील, ही भीती मला पटत नाही, कारण नागरिकत्व मिळवण्यासाठी पोटच्या मुलाशी असलेले नातेच कायमचे तोडावे लागेल, आणि पुढे खरे आईबाप सापडलेच तर गृहीतक रद्द करण्याची वाट मोकळी असतेच.

आपल्या अधिनियमाच्या कलम ५(४) खाली केंद्र सरकार विशेष परिस्थितीत कोणत्याही अल्पवयीन मुलाची नागरिक म्हणून नोंदणी करू शकते, आणि तूर्त तोच मार्ग पुरेसा आहे, असे काही जाणकार सुचवतील. पण नोंदणी करायची म्हणजे ते मूल तोवर नागरिक नव्हते, असे आधी मान्य करायचे. शिवाय ती सरकारच्या मर्जीवर अवलंबून. त्यापेक्षा कलम ३ मध्ये ब्रिटनच्या धर्तीवर एक स्पष्टीकरण जोडण्याची शिफारस राज्याच्या महिला व बालविकास विभागाने केंद्राकडे करावी आणि राज्यातील खासदारांनी त्यासाठी अशासकीय (सरकारने न मांडलेले, खासदाराने स्वतः मांडलेले) विधेयक आणावे. तोपर्यंत बाल कल्याण समित्यांनी आपल्या आदेशात बालक कोठे व कोणत्या तारखेला सापडले, अंदाजे वय किती आणि आईबापांचा शोध कसा घेतला, हे तपशील न चुकता नोंदवून त्याची प्रमाणित प्रत मूल सज्ञान होताना त्याच्या हाती द्यावी.

आपला नम्र,
एक वाचक, अमरावती