दोनशेचा फरक आणि अर्धा गुण

प्रिय मित्रा,

तुझा बुद्धिबळाचा डाव मांडून पाहिला. तुझं रेटिंग १६५०, समोरच्याचं १८५०, आणि बरोबरी. "त्यानं सोडलं म्हणून वाचलो" असं लिहिलंयस, ते मला पटत नाही. तुझा हत्ती ए६ वर आला तिथंच त्याचा विजय संपला होता.

ती स्थिती पुन्हा मांड. पांढरा राजा डी५, प्यादं ई५, हत्ती एच७. तुझा राजा ई८, हत्ती ए६. ही फिलिडोरची मांडणी, एक प्यादं कमी असतानाही बरोबरी राखायची प्रसिद्ध बचावाची रीत. सहावी ओळ अडवलेली, म्हणून त्याच्या राजाला पुढं शिरता येत नाही. प्यादं ई५ वर आहे तोवर हत्ती त्याच ओळीत इकडंतिकडं करत राहायचा. प्यादं ई६ वर सरकलं, की लगेच हत्ती ए१ वर आणि मागून शह: राजा डी६ ला गेला तर डी१ वरून, ई५ ला आला तर ई१ वरून. ई६ हाच राजाचा आडोसा होता; तिथं आता प्यादंच बसलंय.

हत्ती घाईनं आधीच खाली नेला, तर राजा ई६ वर पोचतो, एच८ वर मात दिसू लागते, आणि वाचायची वाट घड्याळात दोन मिनिटं उरली असताना शोधावी लागते. आठव्या ओळीवर हत्ती बांधून ठेवणं त्याहून वाईट. कडेच्या प्याद्यासमोर ते बहुधा निभावतं, मधल्यासमोर सहसा हार.

बरोबरी मागायची तर एकदाच; वरचा खेळाडू सहसा देत नाही, आणि सारखं विचारलं तर पंच टोकतात. त्यापेक्षा तिसऱ्यांदा तीच स्थिती येण्यावर लक्ष ठेव; तशी आली की बरोबरीचा दावा करता येतो. ती सलग यावी लागत नाही, पण तिन्ही वेळा चाल एकाच बाजूची हवी. तुझ्या खेळीनं येणार असेल तर खेळी आधी कागदावर लिही, मग घड्याळ थांबवून पंचांना सांग. सोंगटीला हात लावलास की त्या चालीपुरता हक्क गेला. दावा चुकला तर समोरच्याला दोन मिनिटं जादा मिळतात.

तुझाच,
मित्र

ता. क. फिडेच्या (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेच्या) तक्त्यात रेटिंगच्या दोनशेच्या फरकाला तुझ्याकडून अपेक्षित गुण ०.२४. बरोबरीनं मिळाला ०.५. के, म्हणजे या फरकाला ज्यानं गुणतात तो आकडा, २० धरला तर रेटिंगमध्ये ५.२ गुणांची कमाई. त्याचाही के २० असेल तर तेवढेच त्याचे गेले. उगाच नाही तो शेवटपर्यंत खेळवत बसला.