माला-डीच्या पांढऱ्या गोळ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इचलकरंजीत माझं औषधांचं दुकान आहे. डॉक्टरांसमोर पेशंट जे बोलत नाही, ते आमच्या काउंटरवर बोलतो, म्हणून हे पत्र.

शिलाईकाम करणारी एक तृतीयपंथी ताई माझी जुनी गिऱ्हाईक. पुण्याच्या हॉर्मोनतज्ज्ञांनी तिला इस्ट्राडिओल (बायकी हॉर्मोन) आणि स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हॉर्मोन दाबणारं औषध) लिहून दिलं होतं. ती चिठ्ठी जुनी झाली, तेव्हा गावातल्या डॉक्टरांकडून नवी आण म्हटलं. एका दवाखान्यात 'आमच्याकडे असलं काही बघत नाही' ऐकून आली. दुसरीकडे तर सर्दीच्या गोळ्या लिहून वाटेला लावलं. परत येऊन म्हणाली, "मग माला-डीच द्या की ताई, चार पाकिटं."

माला-डीला चिठ्ठी लागत नाही. पाकिटात २१ पांढऱ्या गोळ्या हॉर्मोनच्या आणि ७ तपकिरी लोहाच्या. तपकिरी टाकून द्यायच्या, पांढऱ्या दिवसाला तीन-चार घ्यायच्या, हा डोस तृतीयपंथी मंडळी एकमेकींकडून शिकतात. पांढऱ्या गोळीत ०.०३ मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्राडिओल हे कृत्रिम बायकी हॉर्मोन असतं. कुटुंबनियोजनासाठी रोज एक घ्यायची ती गोळी. तीन-चार घेतल्या आणि वर सिगारेट असली, तर शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका फार वाढतो. एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली किंवा दम लागला तर तडक दवाखाना गाठ, एवढं मी बजावते. पण बीपी, रक्ताच्या तपासण्या कोण बघणार?

गंमत म्हणजे, ताईच्या चिठ्ठीवरचं तेच इस्ट्राडिओल पाळी गेलेल्या बायकांच्या चिठ्ठीवर मी नेहमी देते. स्पायरोनोलॅक्टोन हृदयाच्या आणि लिव्हरच्या पेशंटना जातं; त्यावर पोटॅशियम तपासावं लागतं, हे कुठल्याही फॅमिली डॉक्टरला मी सांगायला नको. उपचार तज्ज्ञाने सुरू करावेत, मान्य. पुढची देखरेख मात्र गावातच का होऊ नये? दर वेळी पुण्याचं भाडं घालायचं आणि दिवसाची मजुरी बुडवायची, तर माणूस माला-डीच घेणार.

हॉर्मोन घेणारे सगळे एका साच्यातले नसतात, हेही ध्यानात घ्यायला हवं. जन्माला मुलगी म्हणून नोंदलेल्या, आता टेस्टोस्टेरॉनवर (पुरुषी हॉर्मोनवर) असलेल्या, दाढी आलेल्या तरुणालाही गर्भाशय असू शकतं. इंजेक्शन चालू असताना दिवसही राहू शकतात. विचारल्याशिवाय हे कळणार कसं?

लैंगिक आजारांचं तर बोलूच नका. लघवीला जळजळ, पू जातोय म्हणून पुरुष थेट माझ्याकडे येतात, ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक मागतात. तपासणी नाही, जोडीदाराच्या उपचाराचा पत्ता नाही. लैंगिक आजारांसाठीच्या सरकारी 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये याच्या औषधांची रंगीत पाकिटं फुकट मिळतात, आयसीटीसीत (सरकारी समुपदेशन-तपासणी केंद्रात) एचआयव्हीची चाचणीही फुकट होते. पण हे फॅमिली डॉक्टरच्या तोंडून ऐकलं तरच माणूस तिथवर जातो. उलट तृतीयपंथी माणूस साध्या तापाने गेला तरी पहिला प्रश्न 'धंदा करतोस का?' हाच. लैंगिक संबंधांबद्दल जरूर विचारा, पण सगळ्यांनाच विचारा, आणि दार लावून विचारा.

२०१९ च्या तृतीयपंथी संरक्षण कायद्यात हॉर्मोन उपचार आणि समुपदेशनाची सोय करायची, डॉक्टरांचा अभ्यासक्रम तपासून बघायचा, हे सरकारवर घातलेलं आहे. झालं काय? ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात स्त्री-समलैंगिकता पुन्हा 'अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यां'त येऊन बसली. ओरड झाल्यावर सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात तो मागे घेतला. असल्या पुस्तकांवर शिकलेले डॉक्टर पेशंटसमोर अवघडले, तर नवल नाही. पण तेवढ्यासाठी दार बंद करणं मला पटत नाही.

गावातल्या जनरल प्रॅक्टिशनर मंडळींना एकच विनंती. तुमच्या बैठकांना मधुमेहावर, ॲसिडिटीवर व्याख्यानं होतात, एकदा हॉर्मोनतज्ज्ञाला बोलवा. सोबत एखाद्या तृतीयपंथी व्यक्तीलाही बोलवा, पण जेवायच्या पंगतीला, नमुना म्हणून नव्हे. हॉलचं भाडं आणि चहा आम्हा औषधविक्रेत्यांकडे लागला. औषध कंपनीच्या बॅनरची वाट बघू नका.

– एक औषधविक्रेती, इचलकरंजी
(गिऱ्हाईक ओळखू येऊ नये म्हणून माझं नाव छापू नये, ही विनंती.)