गिअरबॉक्स उतरवण्याआधी तुम्ही थांबवलंत

दादा, नमस्कार.

गाडी पुन्हा रोजच्या कामाला लागून आठ दिवस झाले. फोनवर घाईत आभार मानले होते, पण मन भरलं नाही, म्हणून हे पत्र.

इंजिन चालू असताना पहिला गिअर पडत नव्हता आणि रिव्हर्स टाकताना कर्रकन आवाज यायचा. क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल, असं गॅरेजमध्ये सांगितलं होतं. मी होकार देणारच होतो. त्याआधी तुम्हाला विचारलं, कारण याच मॉडेलची गाडी तुम्ही वर्षानुवर्षं स्वतःच्या हाताने सांभाळता.

तुम्ही उपाय सांगितला नाहीत, आधी प्रश्न विचारलेत. इंजिन बंद असताना गिअर पडतात का? क्लचचं पेडल भरभर दोन-तीनदा दाबलं की फरक पडतो का? चढावर गाडी नीट ओढते, की इंजिन नुसतंच फिरतं? मी खाली जाऊन तिन्ही गोष्टी करून पाहिल्या. इंजिन बंद असताना सगळे गिअर अलगद पडले. पेडल पंप केलं की पहिलाही पडला. चढावर ओढ पूर्वीसारखीच होती. मग तुम्ही समजावलंत की प्लेट धरते आहे, ती पुरती सुटत मात्र नाही. पेडलचा जोर क्लचपर्यंत नेणाऱ्या तेलाच्या लाइनमध्ये हवा शिरली की पायाचा जोर ती हवा दाबण्यातच संपतो.

आपल्या गाडीत ब्रेकला आणि क्लचला तेलाची एकच डबी आहे. तिची पातळी उतरलेली होती. स्लेव्ह सिलिंडरचा, म्हणजे तेलाच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या सिलिंडरचा, रबरी बूट (टोकावरचं आवरण) उचला, असं तुम्ही सांगितलंत. उचलला तर आतून काळं तेल ओघळलं. इतके दिवस मी बाहेरून कोरडं बघून समाधानी होतो! सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाहेरच बसवलेला, त्यामुळे काहीच उतरवावं लागलं नाही. (काही गाड्यांत तो आत असतो, तिथे गिअरबॉक्स काढण्यावाचून इलाज नाही, हेही तुमच्याकडूनच कळलं.) आतल्या भिंतीवर गंजाचे खड्डे दिसले, म्हणून नुसतं सील न बदलता अख्खा सिलिंडर बदलला.

ज्या ताईंशी तुम्ही जोडून दिलंत, त्यांचेही मनापासून आभार. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली शिरायचं नाही, स्टँड लावायचेच, हे त्यांनी दोनदा बजावलं. तेल डबीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच आणि सीलबंद डब्यातलं घ्या, उघडा डबा हवेतला ओलावा पितो, असंही म्हणाल्या. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, ही त्यांची सूचना तर त्याच दुपारी उपयोगी पडली.

हवा काढताना बहीण पेडलवर होती. ‘दाब, धरून ठेव’, मी सिलिंडरवरचं निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) उघडायचो. बंद केल्यावरच ‘सोड’. पहिल्या काही वेळा पेडल तळाशीच राहिलं, तिने ते हाताने वर ओढलं. पारदर्शक नळीतून बुडबुडे सुटत होते, मध्येच डबी पुन्हा भरावी लागत होती. मग एकदा बुडबुड्याविना स्वच्छ तेल आलं आणि बहीण आतून ओरडली, ‘कडक झालं!’ ब्रेकचं पेडलही उभ्या गाडीत तपासलं, मगच गाडी हलवली. रिव्हर्स आवाज न करता पडला, तेव्हा आम्ही दोघं तो पुन्हापुन्हा टाकून पाहत होतो.

तुमच्या जेवणाच्या वेळीही तुम्ही फोन उचललात, मी पाठवलेले धूसर फोटो मोठे करून पाहिलेत आणि एकदाही ‘हे तुम्हाला जमणार नाही’ म्हणाला नाहीत. त्या विश्वासाचं मोल मला फार वाटतं.

आठ दिवसांनी पातळी पुन्हा पाहून कळवा, असं तुम्ही म्हणाला होतात. आज सकाळी पाहिली. डबीवर खूण केली होती, तेल त्याच खुणेवर आहे. बूटही उचलून पाहिला, आतून कोरडा आहे.

तुमचा,
त्याच मॉडेलच्या गाडीचा एक मालक