पद्मिनीच्या दिव्यांसाठी वायरमन काकांचे जाहीर आभार

काका, सादर नमस्कार.

पैसे हातात ठेवले तेव्हा "दिवे लागले ना, झालं तर मग" म्हणालात आणि लगेच पुढच्या रिक्षाकडे वळलात. बोलायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण जुनी गाडी सांभाळणाऱ्या प्रत्येकाला तुमचं काम कळायला हवं.

बाबांची प्रीमियर पद्मिनी 1986ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. घरात सगळ्यांचा तिच्यावर जीव. पण डावा दिवा कायम पिवळट, आणि डिपरवर (जवळचा उजेड) असतानाही डॅशबोर्डवरचा अप्परचा (लांबचा उजेड) इंडिकेटर मिणमिणायचा. कुंभार्ली घाटात रात्री समोरून ट्रक आला की बाबा काच खाली करून रस्त्याची कड शोधायचे. एका गॅरेजने बल्ब बदलले, दुसऱ्याने 100/90 वॅटचे (अप्पर 100, डिपर 90) लावायला सांगितले, तिसऱ्याने सगळं वायरिंग काढून नवीन टाकायचा खर्च काढला.

तुम्ही आधी काहीच बदललं नाहीत. इंडिकेटरचं ऐकलंत आणि म्हणालात, "डाव्याची अर्थिंग गेलीय. करंटला बॉडीत उतरायला वाट नाही, म्हणून तो त्याच बल्बच्या दुसऱ्या फिलामेंटमधून उलटा फिरतोय." अर्थिंग तर आधीही तपासली होती, मीटरने पीप दिला होता, म्हणजे जोडणी आहे. तुम्ही मात्र दिवा चालू ठेवून मोजलंत. मीटरचं एक टोक बल्बच्या अर्थच्या वायरीवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर. जिथे जवळपास शून्य दिसायला हवं तिथे सहा व्होल्ट! पीप वाजायला गंजातून निसटता स्पर्शही पुरतो, पण साडेचार-पाच अँपिअर त्यातून जात नाहीत, हे तुम्ही काम करता करता मला समजावलंत.

फेंडरच्या आतला तो स्क्रू काढलात तेव्हा खाली रंगाचे थर आणि लालभडक गंज. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासलात, वायरीच्या टोकाला नवीन थिंबल (स्क्रूखाली बसणारी धातूची कडी) दाबून वर सोल्डरचा डाग दिलात, दातेरी वॉशर घालून आवळलंत आणि वरून व्हॅसलीन फासलंत. तेवढ्यावर थांबला नाहीत. दोन्ही दिव्यांची वेगळी अर्थ वायर थेट बॅटरीपर्यंत नेलीत.

मग रिले, म्हणजे थोड्याशा करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच. तोवर दोन्ही दिव्यांचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या जुन्या स्विचमधून जात होता. तुम्ही डिपरला एक आणि अप्परला एक रिले बसवलात, बॅटरीकडून जाड वायर आणि फ्यूज दिलेत. स्विच आता फक्त रिले ओढतो. बल्ब आहेत तेच, 60/55 वॅटचे. बल्बला मिळणारं व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटलं तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो, आणि जास्त वॅटचा बल्ब लावला असता तर वायरीत आणखी व्होल्टेज अडकून स्विच तापला असता. हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

कंपनीचं मूळ वायरिंग तुम्ही कुठेही कापलं नाहीत, नवीन वायरी त्याच्या कडेने काळ्या टेपमध्ये नेल्यात. बाबांनी बॉनेट उघडून ते बराच वेळ पाहिलं. गाडीचा मान राखलात, याचं त्यांना उजेडाइतकंच अप्रूप आहे.

वायपरची मोटर हल्ली अडखळतेय. पावसाच्या आधी गाडी तुमच्याकडेच आणते.

मनापासून आभार, काका.

पद्मिनीवाल्यांची मुलगी