रसायनच्या वहीत ठेवलेलं पत्र

प्रिय ओम,
अनेक आशीर्वाद.

एकाच खोलीत राहून पत्र काय लिहितेय, म्हणून हसशील. पण आपल्या चाळीतल्या १६० चौरस फुटांत काहीही बोललं की ते आजीला, बाबांना आणि गॅलरीतून जाणाऱ्यांना एकदमच कळतं. नवीन ५०० फुटांच्या घरात तुला दार लावून बसता येईल, पण तोवर ही वहीच.

घटक चाचणीचा गणिताचा पेपर तू गादीखाली सरकवलास. गादी रोज मीच काढते रे. २५ पैकी ४. क्लासच्या वेळेला तू दादरच्या पुलावर उभा असतोस, हेही कळलंय. कुणी सांगितलं ते विचारू नकोस. नायगावातून दादरला ओळखीचं माणूस न भेटता कोण पोचलंय आजवर? ती मुलगी हल्ली तुझ्याशी बोलत नाही, हा माझा अंदाज. फोन बघितलेला नाही, देवाशपथ.

१९९७ साली मी बारावीला फिजिक्समध्ये उडाले होते. घरी सांगितलं, पास झाले. आप्पा ८२च्या गिरणी संपानंतर कायमचे घरी बसलेले, तरी उधारीवर पेढे आणून अख्खा मजला गोड केला. चौथ्या दिवशी त्यांनी मार्कशीट मागितलं. वाचलं, घडी घालून परत माझ्या हातात दिलं. मग आठ दिवस एक शब्द नाही. चार फटके मारले असते तर बरं, असं वाटायचं. ऑक्टोबरला बसून मी सुटले, पण पेढा आजही मला नको वाटतो.

इतकी वर्षं मी समजत होते की ते रागावले होते. परवा तुझा पेपर हातात घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं, त्यांना काय बोलावं ते सुचलंच नसेल. मलाही सुचत नाहीये.

पुलाचं ऐकून मनात नको नको ते आलं. आईच मी. माझ्याशी बोलवत नसेल तर १४४१६ वर फोन लाव, मनातलं बोलायची हेल्पलाइन आहे ती. सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलतात. नाव कळलं तर काय, म्हणून आधी मीच लावून बघितला.

गच्चीची किल्ली टीव्हीमागे आहे. हाक मारू नका, असं बाबांना सांगितलंय. आमटी-भात झाकून ठेवते, कितीही उशीर झाला तरी.

तुझी,
आई