साम्रदच्या मुक्कामाचे पैसे घेऊन मुक्काम न दिल्याबद्दल तक्रार

ठाणे, दिनांक 6 जानेवारी 2025

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : 14 व 15 डिसेंबर 2024 रोजीच्या रतनगड–सांदण दरी सहलीत कबूल केलेला साम्रद येथील घरगुती मुक्काम, गावातला वाटाड्या आणि दोरावरची उतरण न मिळाल्याने रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

वरील सहलीत मी, माझी नणंद आणि माझी एकोणीस वर्षांची मुलगी अशा आम्ही तिघी सहभागी झालो होतो. माणशी 3,900 प्रमाणे 11,700 रुपये मी 22 नोव्हेंबरला भरले. पावती आणि आपल्या माहितीपत्रकाची प्रत या पत्रासोबत जोडली आहे. परत आल्यावर 17 डिसेंबरला मी दूरध्वनीवरून तक्रार केली, तेव्हा आपल्या प्रतिनिधीने ‘फीडबॅक नोंदवून घेतला आहे’ असे सांगितले आणि संध्याकाळी पुढच्या सहलीसाठी दोनशे रुपयांचे कूपन पाठवले. ते कूपन मी वापरणार नसल्यामुळे आता लेखी तक्रार करीत आहे.

रतनगडावर नेणाऱ्या सहली हिवाळ्यात दर शनिवारी निघतात आणि त्यांतल्या बऱ्याच आपल्यापेक्षा स्वस्त असतात. तरीही आम्ही आपली सहल निवडली, ती माहितीपत्रकातील एका परिच्छेदामुळे. शनिवारी सकाळी रतनवाडीत अमृतेश्वराचे मंदिर पाहून शिड्यांच्या वाटेने गड चढायचा, नेढ्यात, म्हणजे माथ्यावरच्या कातळातील आरपार भोकात, बसून जेवायचे, दुपारी त्र्यंबक दरवाजाच्या कातळातील पायऱ्या उतरून रानातून पायी साम्रद गाठायचे आणि रात्री गावातल्या घरात राहायचे, असा कार्यक्रम त्यात दिला होता. माणसे जास्तीत जास्त पंचवीस असतील, सोबत गावातला वाटाड्या असेल आणि मुक्कामाचे पैसे ‘थेट गावातील कुटुंबाच्या हातात’ जातील, असेही त्यात छापले आहे. पावतीवर घरगुती मुक्काम व जेवण यांचे 900, वाटाड्याचे 300 आणि दोरावरच्या उतरणीचे 700 रुपये वेगवेगळे लावलेले आहेत. गावातील घराला नऊशे रुपये मिळणार असतील तर थोडे जास्त द्यायला हरकत नाही, असे नणंदेने मला त्या वेळी बोलूनही दाखवले होते.

मध्यरात्रीनंतरच्या लोकलने आम्ही कसाऱ्याला उतरलो. आपली बस तेथे दोन तास उशिरा आली. प्रवासात असे होते, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. मात्र पंचविसांच्या जागी एकसष्ट माणसे होती आणि त्यांच्यासोबत आपले तीन स्वयंसेवक होते. त्या तिघांपैकी एकही जण गड ज्या तालुक्यात आहे त्या अकोले तालुक्यातला नव्हता, आणि एक तर रतनगडावर पहिल्यांदाच आला असल्याचे त्याने स्वतःच मोकळेपणाने सांगितले. उशीर झाल्यामुळे अमृतेश्वराचे मंदिर दहा मिनिटांत उरकण्यात आले. कोरीव खांबांवर मान वर करून नजर टाकतो न टाकतो तोच शिट्टी वाजली, आणि पुष्करणी तर आम्ही बसच्या खिडकीतूनच पाहिली.

शिड्यांपाशी आम्ही एक तास दहा मिनिटे उभ्या होतो. वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच शिडीवर समोरासमोर येत होते आणि त्यांना थांबवायला ना खाली कोणी होते, ना वर. माझी नणंद अठ्ठावन्न वर्षांची आहे. ती शिडीच्या मध्यावर पोचली असताना वरून दोन मुले उतरू लागली, तेव्हा तिला दोन्ही हातांनी लोखंडी कठडा धरून, एक पाय पायरीवर आणि एक अधांतरी, अशी वाट पाहावी लागली. खाली उतरल्यावरही तिच्या तळहातांवर कठड्याचे वळ दिसत होते. पंचवीस माणसे आणि वाट माहीत असलेला एक माणूस असता तर ही वेळ आली नसती, एवढेच मला म्हणायचे आहे.

नेढ्यात पोचायला चार वाजले. तेथे बसल्यावर अंगावर येणारा वारा आणि खाली पसरलेले भंडारदऱ्याचे पाणी पाहून सगळा शीण गेला, हे मान्य करायला हवे. पण लगेचच आपल्या प्रमुख स्वयंसेवकाने त्र्यंबक दरवाजाची वाट ढासळल्यामुळे बंद असल्याचे आणि आल्या वाटेनेच रतनवाडीला परतायचे असल्याचे जाहीर केले. तो हे सांगत असतानाच पाच तरुण त्याच दरवाजाकडून वर आले. आपण साम्रदहून निघालो आणि वाट अगदी नीट आहे, असे त्यांनी सांगितले. मी स्वयंसेवकाला विचारले, तेव्हा त्याने मोबाइलमध्ये डोके घातले. खरे कारण संध्याकाळी कळले. साम्रदला मुक्काम ठरवलेलाच नव्हता आणि तंबू जलाशयाच्या काठी लावलेले होते, म्हणून एकसष्ट माणसांना पुन्हा शिड्यांवरून उतरवून बसपर्यंत आणणे कंपनीला भाग होते.

शिड्या उतरेपर्यंत सूर्य मावळला. पुढची सगळी जंगलवाट आम्ही अंधारात उतरलो. विजेऱ्या आणण्याची सूचना आपल्या यादीत नव्हती, कारण ठरलेल्या कार्यक्रमानुसार आम्ही उजेडात साम्रदला पोचणार होतो. चांदणे होते म्हणून निभावले. येथे एक गोष्ट विषयाला किंचित सोडून लिहिते. आपल्या जाहिरातीत ‘मिथुन उल्कावर्षावाची रात्र’ असे मोठ्या अक्षरांत होते. हा उल्कावर्षाव डिसेंबरच्या मध्यास भरात असतो हे खरे, पण 14 डिसेंबरला दत्तजयंती होती, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा. भिंतीवरची दिनदर्शिका उघडणाऱ्या कोणालाही त्या रात्री आकाशात चंद्राखेरीज फारसे काही दिसणार नाही हे समजले असते. याबद्दल मी पैसे मागत नाही. आपण छापता ते छापण्यापूर्वी कोणी वाचते का, एवढेच जाणून घ्यायचे आहे.

दोघांच्या तंबूत आम्ही तिघी झोपलो, किंवा झोपण्याचा प्रयत्न केला, कारण शेजारच्या तळावरचा ध्वनिवर्धक रात्री एकपर्यंत चालू होता.

रविवारी सकाळी सांदण दरीसाठी बस साम्रदला थांबली, तेव्हा माझ्या मुलीने एक घर ओळखले. शेणाने सारवलेली ओटी, निळा दरवाजा आणि बाजूला भाताच्या पेंढ्याची उडवी असलेले ते घर आपल्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर आहे. घरातील बाई ओटीवर नागली पाखडत होत्या. मी त्यांना माहितीपत्रक दाखवले आणि शनिवारी रात्री येथे एकसष्ट माणसांचे जेवण सांगितले होते का, असे विचारले. त्या म्हणाल्या, “गेल्या दिवाळीपासून त्यांचा फोन नाही ताई. फोटो तेवढा काढून नेला.” त्यांनी आम्हाला चहा दिला आणि नको म्हणत असतानाही नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी समोर ठेवली. पैसे घ्यायला त्या तयार नव्हत्या, बऱ्याच आग्रहानंतर त्यांनी ते घेतले. त्यांच्याच घरातील मुलगा वाटाड्या म्हणून लोकांना त्र्यंबक दरवाजाच्या वाटेने नेतो आणि शनिवारी तो दिवसभर घरीच होता, हेही त्यांच्याकडून समजले.

माझ्या तक्रारीचा गाभा हाच आहे. गैरसोय सोसायची तयारी ठेवूनच माणूस डोंगरात जातो, आणि थंडी, पायपीट किंवा रांग यांसाठी मी पत्र लिहिले नसते. परंतु एका घराचे छायाचित्र छापून, त्या घराच्या नावाने एकसष्ट माणसांकडून पैसे घेऊन, त्या घरात साधा फोनही न करणे ही फसवणूक आहे, आणि ती आमच्याइतकीच त्या कुटुंबाचीही आहे. भाताची कापणी झाल्यावर पर्यटकांचे हे चार महिनेच गावात रोख पैसा आणतात.

सांदण दरीत वाटेवर लागणाऱ्या दुसऱ्या डोहाच्या पाण्यातून, कमरेच्या वर भिजून, आम्ही पलीकडे गेलो, पण दोरावरची उतरण रद्द करण्यात आली, कारण एकसष्ट माणसांमागे हेल्मेट चौदाच होती. अशा स्थितीत कोणालाही दोरावर न सोडण्याचा स्वयंसेवकांचा निर्णय योग्यच होता आणि त्याबद्दल त्यांना दोष देऊ नये. हेल्मेट चौदाच का होती, याचे उत्तर मात्र कार्यालयाने द्यायचे आहे.

सबब, मुक्कामाच्या 900 रुपयांतून आम्ही जेवलेल्या जेवणाचे 300 वजा करून उरलेले 600, वाटाड्याचे 300 आणि उतरणीचे 700 असे माणशी 1,600, म्हणजे तिघींचे मिळून 4,800 रुपये हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत माझ्या खात्यावर जमा करावेत. राज्य शासनाच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा उपक्रमांच्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. आपला नोंदणी क्रमांक माहितीपत्रकावर कोठेही आढळला नाही, तो मला लेखी कळवावा. तसेच साम्रद येथील त्या घराचे छायाचित्र त्या कुटुंबाच्या संमतीशिवाय यापुढे वापरू नये आणि आतापर्यंत त्यांच्या नावाने गोळा केलेल्या रकमेचे काय झाले, याचा खुलासा करावा.

या मुदतीत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये मी राहत असलेल्या ठाणे जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तेथे शुल्क लागत नाही, याची मी चौकशी केलेली आहे. शनिवारी संध्याकाळी साडेपाच वाजता शिड्यांवर झालेल्या गर्दीची वेळ नोंदलेली छायाचित्रे माझ्याकडे असून, मागितल्यास ती पाठवीन.

कळावे,

आपली ग्राहक
(स्वाक्षरी)